मिलिग्रॅम नंतर, आधी रक्ताचा रिपोर्ट

ट्रान्स स्त्री म्हणून हार्मोन्स सुरू करायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती मिलिग्रॅम?" कुणीतरी आपला आकडा सांगते, तो ऐकून दुसरी आपली गोळी वाढवते. पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही. इस्ट्रॅडिओल हे मुख्य इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री हार्मोन. त्याची २ मिलिग्रॅमची गोळी गिळली की तिचा मोठा भाग आतडं आणि यकृत ओलांडतानाच इस्ट्रोन नावाच्या दुबळ्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. तीच गोळी जिभेखाली विरघळवली तर तासाभरात रक्तातली पातळी उंच जाते आणि काही तासांत उतरते. त्वचेवर चिकटवायच्या पॅचवर लिहिलेलं असतं दिवसाला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा, आणि तो ढोबळमानाने त्या गिळलेल्या २ मिलिग्रॅमच्या तोडीचा असतो. त्यामुळे मैत्रिणीला विचारायचंच असेल तर असं विचारा: कुठल्या मार्गाने घेतेस, रक्त कधी दिलंस, आणि काय आलं?

गाठायचं काय, ते फारसं वादाचं नाही. हार्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटी या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि इस्ट्रॅडिओल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असं लक्ष्य दिलं आहे. गोंधळ होतो तो एककांचा. काही लॅब इस्ट्रॅडिओल पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात, तिथे हीच पट्टी साधारण ३६७ ते ७३४ होते (पिकोग्रॅमला ३.६७ ने गुणायचं). टेस्टोस्टेरॉनचे ५० म्हणजे १.७ नॅनोमोल प्रति लिटर. "माझं २५० आलं" यावर खूश व्हायचं की काळजी करायची हे शेजारचं एकक वाचल्याशिवाय कळत नाही: पिकोग्रॅम असेल तर लक्ष्याच्या वर, पिकोमोल असेल तर ६८, म्हणजे बरंच खाली.

पहिली गोळी घेण्याआधी एक काम असं आहे, जे नंतर नीट करता येत नाही. पुढेमागे स्वतःच्या बीजाचं मूल हवंसं वाटण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर वीर्य आधी गोठवून ठेवा. इस्ट्रोजेन आणि ब्लॉकर (टेस्टोस्टेरॉन अडवणारं औषध) मिळून शुक्राणू तयार होणं हळूहळू बंद पाडतात, आणि औषधं सोडल्यावर ते परत येईलच याची हमी कुणी देत नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे नंतर "थोडे दिवस थांबून" नमुना द्यायचा म्हटलं तर ते थांबणं काही महिन्यांचं असतं, आणि त्या काळात टेस्टोस्टेरॉन अंगात परत येतं. ते फार जड जातं. नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळायचं असतं, आणि एकाऐवजी दोन-तीन नमुने दिलेले बरे, कारण गोठवून परत वितळवताना काही शुक्राणू मरतातच. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: हार्मोन्स म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. जोडीदाराला गर्भ राहू शकत असेल तर संरक्षण लागतंच.

डॉक्टरांपुढे बसल्यावर काय लपवू नये, याची यादी छोटी पण महत्त्वाची आहे. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का. सिगारेट. अर्धशिशी, आणि विशेषतः ती येण्याआधी डोळ्यांपुढे चमचमणाऱ्या रेषा दिसतात का. चालू असलेली औषधं. यातलं शेवटचं बऱ्याच जणी विसरतात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधं यकृतातली एन्झाइम्स वाढवतात, इस्ट्रॅडिओल भराभर मोडून टाकतात, आणि मग डोस बरोबर असूनही पातळी चढत नाही. आणि आधीपासून स्वतःच्या मनाने काही घेत असाल तर तेही सांगा. संकोच समजण्यासारखा आहे, पण आधीच चढलेल्या पातळीवर नवा डोस रचला जाणं त्याहून वाईट.

सुरुवातीच्या तपासण्या: टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिओल, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, पोटॅशियम, लिपिड, साखर, हिमोग्लोबिनसकट रक्तपेशींची मोजणी. रक्त सकाळीच द्या, टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वात जास्त असतं. हा रिपोर्ट जपून ठेवा. पुढचे सगळे आकडे त्याच्याशीच ताडून पाहायचे आहेत.

आता औषधं. काम दोन आहेत, टेस्टोस्टेरॉन खाली आणायचं आणि इस्ट्रोजेन वर न्यायचं, आणि घाई बहुतेकींना दुसऱ्याची असते. खरी अडवणूक पहिल्याची असते. टेस्टोस्टेरॉन ४०० वरच राहिलं तर इस्ट्रोजेन घेऊनही दाढीचे केस, तेलकट त्वचा आणि डोक्यावरचं टक्कल आपापल्या वाटेने चालूच राहतं. वृषणं मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या हुकमावर चालतात. रक्तात पुरेसं इस्ट्रोजेन दिसलं की पिट्युटरी हा हुकूम कमी करते, म्हणून काही जणींचं इंजेक्शनवर ब्लॉकरशिवायही भागतं. गोळीवर असणाऱ्यांना बहुधा ब्लॉकर लागतो.

स्पायरोनोलॅक्टोन हा मुळात लघवी वाढवणारा आणि रक्तदाब उतरवणारा पदार्थ. टेस्टोस्टेरॉनला पेशीवर बसू न देणं हा त्याचा जोडधंदा. दिवसाला १०० ते ३०० मिलिग्रॅम ही मार्गदर्शक सूचनांतली मर्यादा, सुरुवात त्याहून कमीने होते. दोन वेळा विभागून घ्यायची असेल तर दुसरी गोळी संध्याकाळी फार उशिरा घेऊ नका, नाहीतर रात्र शौचालयाच्या फेऱ्यांत जाते. उठून उभं राहताना चक्कर येणं पहिल्या आठवड्यांत सर्रास होतं. खरा धोका पोटॅशियमचा. हे औषध शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं, आणि ते वाढलं की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, तीही आधी काही न जाणवता. म्हणून पहिलं वर्ष दर ३ महिन्यांनी तपासणी. "कमी सोडियम" म्हणून विकलं जाणारं मीठ टाळा, त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या, रोजच्या रोज घेतलेली आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं आणि ट्रायमेथोप्रिम असलेली अँटिबायोटिक्स हीही त्यात भर घालतात.

सायप्रोटेरॉन अॅसिटेट जास्त जोरकस आहे आणि टेस्टोस्टेरॉन खरोखर पाडतं. पूर्वी ५० मिलिग्रॅम, कधी १०० सुद्धा दिलं जायचं. आता कळलं आहे की त्याच्या अंशावर काम होतं. डब्ल्यूपॅथ या ट्रान्स आरोग्यावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीत दिवसाला १० मिलिग्रॅम दिलं आहे. ५० ची गोळी चार भागांत कापून पाव गोळी, म्हणजे १२.५, ही वाट म्हणूनच रूढ झाली. कापायला गोळ्या कापण्याचं छोटं कटर घ्या. सुरीने चुरा होतो. जास्त डोस वर्षानुवर्षं घेतला तर मेंदूच्या आवरणावरच्या मेनिन्जिओमा नावाच्या गाठीचा धोका वाढतो, आणि त्यामुळे युरोपीय औषध नियामकांनी २०२० मध्ये त्याच्या वापरावर बंधनं आणली. यकृत आणि प्रोलॅक्टिनवर लक्ष ठेवायचं. मनावर मळभ येणं हाही त्याचा ओळखीचा त्रास आहे. कारण नसताना आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल तर तो स्वभाव समजू नका, डॉक्टरांना सांगा.

ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं थेट पिट्युटरीलाच गप्प करतात. महिन्याला ३.७५ किंवा तीन महिन्यांना ११.२५ मिलिग्रॅम. काम स्वच्छ, खिशाला मात्र जड. पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट उसळतं, ते अपेक्षितच आहे. बायकॅल्युटामाइडबद्दल इंटरनेटवर उत्साह फार, पण त्याने क्वचित यकृत जीवघेणं बिघडतं, आणि डब्ल्यूपॅथ ते सरसकट वापरा असं म्हणत नाही. फिनास्टेराइडला ब्लॉकर समजू नका. ते टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी (त्याचं जास्त जोरकस रूप) होणं अडवतं, डोक्यावरचे केस वाचवायला त्याची मदत होते, टेस्टोस्टेरॉन मात्र तिथेच राहतं.

इस्ट्रोजेनकडे येताना एक गोष्ट आधी. गर्भनिरोधक गोळ्या वापरू नका. त्या सहज मिळतात, म्हणून अनेकजणींची सुरुवात त्यांनीच होते. त्यांतल्या बहुतेकींमध्ये इथिनाइल इस्ट्रॅडिओल असतं. यकृत त्याला लवकर मोडू शकत नाही, रक्त गोठवणारी द्रव्यं वाढतात आणि गुठळीचा धोका चढतो. शिवाय लॅबची इस्ट्रॅडिओल चाचणी त्याला ओळखतच नाही. रिपोर्टात इस्ट्रॅडिओल कमी दिसतं, आणि "लागू पडत नाहीये" असं वाटून गोळ्या दुप्पट होतात. पाकिटावर नुसतं इस्ट्रॅडिओल किंवा इस्ट्रॅडिओल व्हॅलेरेट लिहिलेलं हवं.

गोळी दिवसाला २ ते ६ मिलिग्रॅम. जिभेखाली घेत असाल तर दिवसाचा डोस तीन-चार वेळा विभागा, आणि पूर्ण विरघळेपर्यंत पाणी पिऊ नका, बोलणंही टाळा. लाळेबरोबर गिळली गेली की ती गिळलेलीच गोळी.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, सिगारेट ओढणाऱ्यांनी किंवा गुठळीचा इतिहास असलेल्यांनी त्वचेतून जाणारं इस्ट्रोजेन मागावं, कारण ते यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं. पॅच ओटीपोटावर किंवा नितंबावर लावायचा, स्तनांवर कधीच नाही. त्वचा कोरडी हवी, लोशनचा अंशही नको. तळहाताने १० सेकंद दाबून धरा आणि कडांवरून बोट फिरवा, सुटायला सुरुवात कडेपासूनच होते. बहुतेक पॅच आठवड्यातून दोनदा बदलतात. जागा दर वेळी वेगळी, त्याच जागी निदान आठवडाभर परत नाही. जेल अंघोळीनंतर, पुसलेल्या अंगावर, पसरून. वाळेपर्यंत कपडा नको, तासभर ती जागा धुवायची नाही, हात लगेच साबणाने धुवायचे. ओल्या जेलचा हात लहान मुलाला लागला तर हार्मोन त्याच्या अंगात जातं.

इंजेक्शनबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चुका हाताने होतात. पहिली चूक हिशेबाची. कुपीवर १०, २० किंवा ४० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिलेलं असतं. डोस ४ मिलिग्रॅम असेल तर २० च्या कुपीतून ०.२ मिलिलिटर. पुढच्या महिन्यात दुकानदाराने ४० ची कुपी दिली आणि तुम्ही सवयीने ०.२ च ओढलं, तर तो डोस ८ झाला. कुपी बदलली की गुणाकार परत करा. सिरिंज १ मिलिलिटरची घ्या. मोठ्या सिरिंजवर ०.२ ची रेघ डोळ्यांना धड दिसत नाही.

औषध तेलात असतं. इस्ट्रॅडिओल व्हॅलेरेट बहुतेक वेळा एरंडेलात, इस्ट्रॅडिओल सायपिओनेट सरकीच्या तेलात, आणि एरंडेल सुईतून जायला कंटाळा करतं. कुपी मुठीत धरून तीन-चार मिनिटं ऊब द्या. स्पिरिटचा बोळा रबरावर फिरवा आणि वाळू द्या. जेवढं औषध काढायचं तेवढी हवा आधी कुपीत सोडा, म्हणजे पोकळी होऊन दट्ट्या मागे ओढला जात नाही. ओढायला १८ किंवा २० नंबरची जाड सुई, टोचायला २५ ची बारीक; सुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते. जाड सुई दर वेळी रबरात सरळ खुपसली की रबराचे कण सुटून तेलात पडतात, म्हणून सुईचं तिरकं तोंड वर ठेवून किंचित कलती घालायची. मग सुई बदला. स्नायूत घ्यायचं तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या तिसऱ्या भागात, काटकोनात. त्वचेखाली घ्यायचं तर पोटाची किंवा मांडीची चिमट धरून. दट्ट्या अगदी सावकाश दाबा, संपल्यावर मनात १० मोजा आणि मग सुई काढा, नाहीतर तेलाचा थेंब मागोमाग बाहेर येतो. एक थेंब आलाच तर डोस परत घ्यायचा नसतो. दोन दिवस कडक गाठ लागणं चालतं. लाल, गरम आणि रोज मोठी होत जाणारी गाठ चालत नाही, त्यात तापही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. सुई दुसरीबरोबर वाटून घ्यायची नाही, ओळख कितीही जुनी असली तरी.

आठवड्याला २ ते १० मिलिग्रॅम अशी मार्गदर्शक सूचनांतली पट्टी आहे, किंवा दोन आठवड्यांनी ५ ते ३०. दोन आठवड्यांच्या हिशेबात पहिले दिवस उंच आणि शेवटचे दिवस खोल जातात. चिडचिड, घाम, डोकेदुखी नेमकी इंजेक्शनच्या आदल्या दोन-तीन दिवसांत येत असेल तर तोच एकूण डोस आठवड्यावर आणून बघायला डॉक्टरांना सांगा. डोस वाढवण्याआधी अंतर कमी करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रक्त कधी द्यायचं? पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा-दोनदा. पण दिवस आणि तास औषधानुसार ठरतो. इंजेक्शन असेल तर पुढचं घेण्याआधी, त्याच दिवशी सकाळी. म्हणजे सर्वात खालची पातळी कळते. व्हॅलेरेट घेतल्यानंतर दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर आकडा शिखराचा येतो आणि डॉक्टर घाबरून डोस निम्मा करतात. जिभेखालच्या गोळीला तर तासातासाला आकडा वेगळा, तेव्हा दर वेळी शेवटच्या गोळीनंतर तेवढ्याच तासांनी रक्त द्या आणि ते तास रिपोर्टवर लिहून ठेवा. पॅच अंगावर असू द्या. जेल ज्या हाताला लावता त्या हातातून रक्त देऊ नका: सुई त्वचेवरचं इस्ट्रॅडिओल बरोबर घेऊन आत जाते आणि हजारांत आकडा येतो. केसांसाठीच्या गोळ्यांमधलं बायोटिनही अनेक चाचण्यांना फसवतं आणि इस्ट्रॅडिओल, टेस्टोस्टेरॉन खोटंच वाढवून दाखवतं. ते निदान दोन-तीन दिवस आधी बंद. आणि बायकॅल्युटामाइड किंवा स्पायरोनोलॅक्टोनवर टेस्टोस्टेरॉन रिपोर्टात पूर्ण उतरलेलं दिसलं नाही तरी ते पेशीवर अडवलेलं असू शकतं.

अंगात काय कधी बदलतं, याचा वेग दुसऱ्या पौगंडावस्थेचा आहे, आणि पौगंडावस्था कुणाचीच सहा महिन्यांत संपत नाही. १ ते ३ महिन्यांत कामेच्छा आणि सकाळचं ताठरणं कमी होतं. ३ ते ६ महिन्यांत त्वचा मऊ आणि कोरडी होते, घामाचा वास बदलतो, दंडातली ताकद कमी होते, चरबी नितंब आणि मांड्यांकडे वळू लागते. याच सुमारास एका स्तनाग्राखाली नाण्याएवढी कडक चकती हाताला लागते. बहुतेक वेळा आधी एकाच बाजूला. बॅगेचा पट्टा, दाराची कड, पालथं झोपणं, कशानेही कळ येते. ही स्तनाची कळी. घाबरायचं कारण नाही, दुसरी मागून येते. पूर्ण वाढीला दोन-तीन वर्षं लागतात, आकार बराचसा वारशाने ठरतो, आणि इस्ट्रोजेन दुप्पट केल्याने ती वाढ लवकर होते याला आधार नाही. गुठळीचा धोका तेवढा वाढतो. अंगावरचे केस बारीक व्हायला ६ ते १२ महिने.

आवाज बदलत नाही. तो सरावाने, स्पीच थेरपीने बदलायचा. दाढीचे केस मंद होतात पण जात नाहीत. लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस लागतंच, आणि पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. हाडांची ठेवण तशीच राहते. प्रोजेस्टेरॉनने स्तन गोल होतात असं खूपजणी सांगतात, पण ते सिद्ध करणारा भक्कम पुरावा अजून नाही. पहिल्याच महिन्यात त्याच्यामागे लागू नये.

गोळी चुकली तर आठवण येताच घ्या, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, किंवा अचानक धाप लागून छातीत कळ आली, तर उद्याची वाट पाहू नका. तातडीच्या विभागात जाऊन पहिल्याच वाक्यात "मी इस्ट्रोजेन घेते" हे सांगा. गुठळीचा विचार डॉक्टरांच्या मनात त्यानेच लवकर येतो. डोकं सतत दुखणं, नजर अंधुक होणं, स्तनाग्रातून दूध येणं, हे प्रोलॅक्टिन तपासायला सांगणारे इशारे आहेत.

पुढे वृषणं काढण्याची शस्त्रक्रिया झाली तर ब्लॉकर बंद होतो, इस्ट्रोजेन नाही. शरीरात कुठलंच लैंगिक हार्मोन नसेल तर हाडं ठिसूळ होतात. प्रोस्टेट मात्र योनी घडवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही आतच राहते, आणि इस्ट्रोजेनवर पीएसएचा (प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीचा) आकडा मुळातच खाली असतो, त्यामुळे पुरुषांच्या पट्टीत "नॉर्मल" छापलेला आकडाही डॉक्टरांना दाखवून घ्यायचा. फॉर्मवर स्त्री लिहिलं की प्रोस्टेटबद्दल कुणी विचारत नाही. ते दर वेळी आपल्याच तोंडाने सांगावं लागतं.